चालत गेलो, चालत आलो

खर्ड्यात आमच्या आबांना ‘छत्रीवाला’ म्हणत. ब्रह्मदेशच्या लढाईत आबा विमानातून छत्री घेऊन उडी मारायचे आणि नेमके जपान्यांच्या डोक्यावर उतरायचे, असं पारावरची मंडळी सांगत. शाळेत मीही याच जोरावर भाव खाल्ला. पुढे गावात टीव्ही आला आणि छत्रीवाल्याचा ‘कमांडो’ झाला. आबा कधी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. कुणी फारच खोदलं तर तंबाखू मळता मळता म्हणायचे, “चालत गेलो, चालत आलो.” चिमूट ओठाखाली गेली की पुढचं दार बंद.

ते गेल्यावर पत्र्याची पेटी उघडली. फडक्यात गुंडाळलेली पदकं होती. एकाच्या फितीला मधे रुंद तांबडा पट्टा, दोन्ही कडांना निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ. हा बर्मा स्टार, हे मला पुष्कळ नंतर कळलं. खाली घडीवर फाटलेला फौजेतून सुटल्याचा कागद होता. त्यावर पलटण लिहिली होती: ४/५ महारट्टा लाइट इन्फन्ट्री. म्हणजे आबा पायदळातले. फौजेत ज्याला सरसकट ‘गणपत’ म्हणतात, तसे एक गणपत. छत्रीचा पत्ता नाही.

मी मास्तर माणूस, निवृत्तीनंतर वेळच वेळ. म्हटलं, गावाची थाप कुठून निघाली ते तरी बघू. आणि निघालं असं की ती थाप नव्हती. मार्च १९४४ मध्ये ही पलटण ५० व्या इंडियन पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली दिली होती. ही ब्रिगेड १९४१ च्या ऑक्टोबरात दिल्लीत उभी राहिली. हिंदुस्थानी फौजेतली ती पहिली छत्रीधारी ब्रिगेड. आजच्या पॅरा पलटणी आणि पॅरा कमांडो आपली वंशावळ तिथपर्यंत नेतात. तर ब्रिगेड छत्रीवाल्यांची आणि माणूस चालणारा. गाव अर्धं बरोबर होतं, आबा पूर्ण बरोबर होते.

त्या काळी पलटणींचा युद्ध-रोजनामा छापील फॉर्मवर लिहीत. त्याला रकाने असत: ठिकाण, तारीख, तास, घटना. साहेब मेला की त्याचं नाव पडतं. शिपाई मेले की ‘आय. ओ. आर.’, म्हणजे इंडियन अदर रँक्स, आणि पुढे आकडा. माझा बाप या कागदांत कुठे असलाच तर त्या आकड्यात. म्हणून मी त्याला तासांच्या रकान्यातून शोधायचं ठरवलं. ठिकाण मणिपूरच्या डोंगरातलं सांगशाक. शेवटची वेळ २६ मार्च १९४४, रात्रीचे साडेदहा. तिथून उलटं मोजत मागे गेलो.

१५ मार्च, रात्र. उरले २६४ तास.

लेफ्टनंट जनरल कोतोकू सातो यांची जपानी ३१ वी डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडू लागली. तिला गाठायचं होतं कोहिमा. डाव्या अंगाची तुकडी मेजर जनरल मियाझाकींची, तिच्यात ५८ वी रेजिमेंट. इंग्रजांचा हिशेब असा की उखरूलच्या बाजूचे डोंगर आणि रान इतकं दाट, की तिकडून आली तर फार तर एखादी रेजिमेंट येईल. आख्खी डिव्हिजन येणं शक्य नाही.

‘इकडून कोण येतंय?’ या वाक्यावर जगात किती माणसं मेली असतील, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

छत्री ब्रिगेड या भागात आली होती ती मुळात जंगलातल्या लढाईचा सराव करायला. ब्रिगेडियर होप-थॉमसन बत्तिशीच्या आतबाहेरचे. आघाडी म्हणून हा मुलूख कुणी धरलेलाच नव्हता. काटेरी तारेची भेंडोळी मागवून आली नव्हती. तार नसणं ही पुढची सगळी गोष्ट आहे, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

१९ मार्च, सकाळ. उरले १८१ तास.

उखरूलच्या दक्षिण-पूर्वेला शेल्डन्स कॉर्नर नावाचं ठाणं होतं. आधी तिथे मराठे होते. त्यांची जागा १५२ वी इंडियन पॅराशूट बटालियन घेत होती. अदलाबदल चालू होती, म्हणजे निम्मं सामान खेचरांवर आणि निम्मं जमिनीवर. आधीचे एक-दोन दिवस तांगखुल नागा गावकरी डोंगर उतरून येत होते, जपानी आले म्हणून सांगत होते. पुढे ७,३७८ फुटांच्या टेकाडावर १५२ ची सी कंपनी बसली होती. टेकाडाला वेगळं नाव नाही, नकाशावरचा उंचीचा आकडा हेच नाव.

दुपारपर्यंत त्या टेकाडावर तुटून पडले ते थेट ५८ व्या रेजिमेंटचे लोक. संध्याकाळ झाली, रात्र झाली, आवाज थांबेना.

आबांच्या तोंडून फौजेबद्दल निघालेली वाक्यं मी मोजली तर हाताच्या बोटांवर येतील. त्यातलं एक या रात्रीचं असावं. गावात लग्नाच्या वरातीत फटाक्यांची लड लागली की ते उठून मागच्या दारी जायचे. आईनं एकदा त्यावरून टोकलं तेव्हा म्हणाले, “समोरच्या टेकडावर रातभर वाजत व्हतं. आमाला जाता आलं न्हाई.” कुठलं टेकाड, कधी, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२० मार्च, सकाळ. उरले सुमारे १५६ तास.

आकडा-नावाचं टेकाड पडलं. मदतीला निघालेल्या तुकड्यांना शेवटपर्यंत वर पोहोचता आलं नाही. पावणेदोनशेच्या आसपास माणसं वर होती, परतली ती वीसेक. जपानी बाजूच्या आठवणींत एक प्रसंग येतो. अगदी शेवटी माथ्यावर एक गोरा अधिकारी सगळ्यांदेखत उभा राहिला आणि त्यानं स्वतःला गोळी घातली. जपानी शिपाई क्षणभर गप्प झाले. ते टेकाड घेताना त्यांचीही माणसं शेकड्याच्या हिशेबात गेली होती.

२२ मार्च, दुपार. उरले साधारण १०५ तास.

ब्रिगेड मागे सरकत सांगशाकला गोळा झाली. १५२, गुरख्यांची १५३, आबांची ४/५, डोंगरी तोफखान्याची एक बॅटरी, मॉर्टरवाले, नेपाळच्या कालीबहादूर पलटणीचे लोक, पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे डॉक्टर. सारे मिळून दोन हजारांच्या घरात. शिवाय खेचरं. एवढ्यांसाठी जागा कसली, तर सुमारे ८०० यार्ड लांब आणि त्याच्या निम्मी रुंद अशी टेकडीची पाठ. एका टोकाला नागांचं चर्च. आमच्या खर्ड्याच्या गावठाणात याहून ऐसपैस जागा सापडेल.

उंचीवर आहे, चौफेर दिसतं, म्हणून जागा निवडली. पण खोदायला घेतलं तर तीन फुटांखाली खडक. पुरुषभर खंदक होईना. आणि टेकडीच्या माथ्यावर पाणी नाही. तार तर नव्हतीच.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगू द्या, कारण मी खर्ड्याचा आहे आणि आम्हाला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ११ मार्च १७९५. निजामअली आणि पेशव्यांची फौज आमच्या शिवारात भिडली. रात्री निजामाच्या गोटात गडबड उडाली आणि तो लवाजम्यासकट निंबाळकरांच्या आमच्या किल्ल्यात येऊन बसला. किल्ला देखणा आहे, पण लहान. मराठ्यांनी वेढला. आत एवढी माणसं, हत्ती, घोडी आणि पाण्याची मारामार. तोफांपेक्षा तहानेनं निजामाला तहाला बसवलं, असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगत. चौथीच्या पोरांना किल्ला दाखवायला नेलं की मी प्रत्येक वर्षी हीच गोष्ट सांगायचो आणि पोरं हसायची. निजाम तहानला, हा आमच्या गावचा विनोद आहे.

हा विनोद आबांसमोर कुणी केला की आबा हसत नसत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला इतिहासात रस नाही.

२२ मार्च, रात्र अकराच्या पुढे. उरले ९५ तास.

उखरूलच्या बाजूनं आलेल्या मियाझाकींनी तोफा पोहोचायची वाट पाहिली नाही. सांगशाक खरं तर शेजारच्या १५ व्या डिव्हिजनच्या वाट्याचं, पण वाटेत शत्रू दिसला आणि हे थांबले नाहीत. रात्री पहिला हल्ला गुरख्यांवर आला. अंधारात उघड्यावरून आलेले जपानी शिपाई ओळीनं पडले. त्या एका रात्री वेढलेल्यांचा हात वर होता.

त्या झटापटीत पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्याच्या अंगावर नकाशा आणि कागद सापडले. कोहिमाकडे रेजिमेंट नव्हे, पुरी डिव्हिजन निघाली आहे, हे त्यात दिसत होतं. ब्रिगेडचा गुप्तवार्ता अधिकारी कॅप्टन ॲलन ते घेऊन वेढ्यातून निसटला, इंफाळला पोहोचवून आला. हो, आला. वेढ्यातून बाहेर पडलेला माणूस परत वेढ्यात आला. सिनेमात हे दाखवलं तर लोक शिट्या मारतील.

२३ मार्च, दिवस. उरले ८० तासांच्या आसपास.

छत्र्या अखेर या दिवसापासून दिसल्या.

डकोटा विमानं आली आणि त्यांनी पेट्या सोडल्या. पॅराशूट ब्रिगेडच्या या सगळ्या लढाईत आकाशातून उतरलेल्या छत्र्या काय त्या एवढ्याच, आणि त्यांच्या खाली माणसं नव्हती, दारूगोळा आणि शिधा होता. टेकडीची पाठ अरुंद. वारा जरा हलला की पेटी उताराच्या पलीकडे. बहुतेक माल जपान्यांच्या हद्दीत पडला. विमानातून उडी मारायला शिकलेली माणसं तीन फुटांच्या खड्ड्यात बसून छत्र्या शत्रूकडे जाताना बघत होती.

गावातल्या दंतकथेची छत्री मला वाटतं इथून आली. आबांनी कधीतरी कुणाला तरी सांगितलं असणार, की वरून छत्र्या आल्या. ऐकणाऱ्यानं छत्रीखाली आबांना लटकवलं.

२४ आणि २५ मार्च. उरले ७० तास, मग ५०, मग ३०.

या दोन दिवसांचे तास वेगळे काढता येत नाहीत. कागदही तेच तेच सांगतात: हल्ला, परतवला, हल्ला, परतवला. जपान्यांच्या तोफा येऊन पोहोचल्या. तीन फुटांच्या खड्ड्यात बसलेल्या माणसावर तोफगोळा पडला की खड्डा असून नसल्यासारखा. मेलेल्यांना पुरायला तीच तीन फूट जमीन, म्हणून पुष्कळांना पुरताच आलं नाही. खेचरं मारली गेली आणि मार्चच्या उन्हात फुगली. जखमींना ठेवायला उघडं मैदान. पाणी मोजून. सलग झोप कुणालाच नाही.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या भागात पाझर तलावाचं काम निघालं होतं. आबा आणि मी दोघेही जायचो. एके दिवशी आबांचा टिकाव खाली ठणकला. मुरूम संपून खडक लागला होता, रोज कुणाच्या ना कुणाच्या टिकावाखाली लागायचा. आबांनी टिकाव हलकेच बाजूला ठेवला, कडेला जाऊन बसले आणि त्या दिवशी पुन्हा उठलेच नाहीत. मुकादमानं अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. संध्याकाळी आई खूप बोलली, घरात दाणा नव्हता. आबा म्हणाले, “खाली दगड हाय.” आईनं कपाळाला हात लावला. दगड आहे हे काय सांगायचं?

खडकाची ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दुपारची वेळ होती. मी पुस्तक मिटलं आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो.

२६ मार्च, पहाट. उरले सतरा तास.

उजाडायच्या आत सगळ्यात मोठा हल्ला आला, चर्चच्या टेकाडावर. जपानी आत घुसले. आता अंतर हातभर. ब्रिगेडच्या मुख्यालयाच्या संरक्षणाची छोटी तुकडी प्रतिहल्ल्याला पाठवली, ती जवळपास संपली. मग १५२ चे कर्नल हॉपकिन्सन स्वतः निघाले. मुख्यालयातले अधिकारी, कारकून, ज्याच्या हाताला बंदूक लागली तो निघाला. शेवटी गुरख्यांच्या १५३ ची कंपनी घेऊन मेजर जिमी रॉबर्ट्स चढले आणि सकाळ चढेपर्यंत चर्चची जागा परत हाती आली. (हेच रॉबर्ट्स पुढे नेपाळमध्ये ट्रेकिंगचा धंदा सुरू करणारे म्हणून नावाजले. आज आपली मुलं-मुली पाठीवर सॅक टाकून एव्हरेस्टच्या पायथ्याशी फोटो काढतात, तो रस्ता धंद्याला लावणारा हा माणूस.)

रॉबर्ट्स, हॉपकिन्सन, ॲलन. नावं मिळाली ती साहेबांची. मराठ्यांचे कर्नल ट्रिम, तेही मिळाले. ४/५ च्या शिपायांची नावं शोधताना मात्र मी हात टेकले. नगर जिल्ह्याला महायुद्ध आठवतं ते नामदेव जाधवांमुळे. आपल्याच जिल्ह्यातल्या निमजचे, १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. रास्त आहे, तो पराक्रमच तसा. पण इटलीत आपण जिंकत होतो. हरलेल्या टेकडीवर कोण कुठल्या खड्ड्यात होतं, हे कुणी लिहून ठेवत नाही.

२६ मार्च, संध्याकाळी सहा. उरले साडेचार तास.

बिनतारी संदेश आला, आपल्या बाजूच्या २३ व्या इंडियन डिव्हिजनकडून. अर्थ असा: लढत बाहेर पडा, आधी दक्षिणेला आणि मग पश्चिमेला जा, विमानं आणि गाड्या तुमच्या वाटेवर डोळा ठेवून असतील.

साडेचार तास हातात. या साडेचार तासांत ब्रिगेडला जे ठरवावं लागलं, ते चार दिवसांच्या लढाईपेक्षा अवघड होतं. ज्यांना चालता येतं, ते जातील. ज्यांना उचलून नेता येईल, त्यांना नेतील. उरलेले सुमारे शंभर, ज्यांना हलवलं तर वाटेतच मरतील, ते इथेच राहतील. तोफा निकामी करायच्या. कागद नष्ट करायचे. अंधार पडल्यावर बोलायचं नाही.

हा निर्णय चूक होता असं म्हणायची माझी हिंमत नाही. बरोबर होता असंही तोंडातून निघत नाही. मागे राहिलेल्यांना मियाझाकींच्या माणसांनी बऱ्यापैकी वागवलं, असं नंतर नोंदलं गेलं. पण त्या साडेचार तासांत हे कुणाला माहीत असणार? जपान्यांच्या हाती लागणं म्हणजे काय, याच्या गोष्टी तेव्हा प्रत्येक शिपायाला तोंडपाठ होत्या.

२६ मार्च, रात्री साडेदहा.

माणसं लहान लहान टोळ्या करून दक्षिणेच्या उतारावरून खाली निघाली. ब्रिगेडचे सहाशेच्या आसपास गेले: ठार, जखमी, बेपत्ता मिळून. बाकीचे रान तुडवत पुढच्या काही दिवसांत इंफाळला पोहोचले, काही एकेकटे, काही अनवाणी. सुरुवातीला त्यांना कुणी शाबासकी दिली नाही. मागे हटलेली ब्रिगेड, ब्रिगेडियरला मायदेशी धाडलेलं. पुढे हिशेब लागला, की मियाझाकींची तुकडी सांगशाकवर अडकली नसती तर कोहिमा एप्रिलच्या पहिल्या आठवड्याऐवजी मार्चातच वेढलं गेलं असतं, आणि तेव्हा तिथे लढायला फारसं कुणी नव्हतं. ऑगस्टच्या अखेरीस सेनापती जनरल स्लिम यांनी खास आदेश काढून ब्रिगेडचा गौरव केला. तोवर आबांची पलटण पुन्हा कामाला लागली होती.

आबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याजवळ निजायचो. उशाला पाण्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र. रात्री दोन-तीनदा उठून हातानं चाचपायचे, तांब्या आहे ना. प्यायचे नाहीत, नुसतं चाचपायचे. एका रात्री लाईट गेली होती, दोघेही जागे. मी सहज म्हटलं, “आबा, लढाईतून परत निघाला तेव्हा काय केलंत पहिल्यांदा?”

मला वाटलं, नेहमीचंच उत्तर येईल. बराच वेळ काही आलं नाही.

“टेकाड उतारलो,” ते म्हणाले. “अर्धा घंटा बी न्हाई झाला. पायाला गार लागलं. वढा व्हता.”

मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “वरची पोरं पाणी पाणी करीत व्हती. वढा खालीच व्हता.”